आणलेल्या मुलांची शाळा

मुलीच्या प्रवेशाचे कागद गोळा करताना शाळेने एक पत्र मागितले, ते मला त्या वेळी जरा विचित्र वाटले होते. माझ्या पतींची येथील नोकरी ठरावीक मुदतीची आहे, असे त्यांच्या कंपनीने लिहून द्यायचे होते. नेदरलँड्समध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या काही आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. तेथील वार्षिक फी खासगी आंतरराष्ट्रीय शाळांच्या मानाने पुष्कळ कमी, आमच्या वेळी सुमारे पाच हजार युरोंच्या घरात होती. पण आमच्यासारख्या परदेशी कुटुंबांसाठी अट अशी की, मुक्काम काही काळापुरता असावा. कायमचे राहायला आलेल्यांनी मुलांना डच शाळेत घालावे, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. म्हणजे आपण येथून कधीतरी जाणार आहोत याचा पुरावा दिला, तरच या शाळेत शिरता येते. पुढे वर्षभर त्या पत्राची मला वारंवार आठवण होत राहिली.

आम्ही राहतो ते आइंडहोवन हे दक्षिणेकडील ब्राबांट प्रांतातले शहर. १८९१ साली फिलिप्सचा दिव्यांचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या आधाराने लहानसे गाव वाढत गेले. आता शेजारच्या वेल्डहोवनमध्ये चिप तयार करण्याची यंत्रे बनतात आणि त्या उद्योगाच्या ओढीने जगभरचे अभियंते बायकामुलांसह या भागात येतात. माझे पती त्यांतलेच एक. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीचे जेमतेम दोन महिने झाले असताना आम्ही तिला उचलून आणले आणि ऑगस्टच्या अखेरीस येथील प्राथमिक विभागाच्या शेवटच्या वर्गात बसवले.

प्रवेशाआधीच्या भेटीत, घरी कोणती भाषा बोलता, असे आम्हाला विचारले गेले. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की, मुलीला त्रास होऊ नये म्हणून गेले काही महिने आम्ही घरातही इंग्रजीच बोलत आहोत. समोरच्या बाईंनी ते वहीत टिपून घेतले आणि अतिशय सौम्यपणे विनंती केली की, कृपया ते थांबवावे. इंग्रजी शिकवण्याचे काम शाळेचे आहे, घराने घरची भाषा सांभाळावी, कारण ज्या मुलाची पहिली भाषा पक्की असते त्याला दुसरी लवकर येते, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्यातील शाळेच्या पालकसभेत मी याच्या नेमके उलट ऐकलेले होते. परतताना बसमध्ये आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प होतो, आणि मग मुलीनेच मराठीत विचारले, "मग आता आपण नीट बोलायचं का?"

पहिले दोन महिने तिला सर्वांत अवघड गेली ती शिक्षिकांना नावाने हाक मारण्याची गोष्ट. वर्गशिक्षिका आयर्लंडच्या होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या, आणि बावीस मुले त्यांना खुशाल एकेरी नावाने हाक मारत. आमची मुलगी दिवाळीपर्यंत त्यांना हाकच मारत नसे. काही विचारायचे झाल्यास त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहत असे. डब्याचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. सकाळी दहाच्या सुमारास फळ आणि दुपारी पाव, चीज, काकडी असे थंड जेवण ही येथील रीत आहे. डबा गरम करण्याची सोय नव्हती, आणि गार पोळीची गुंडाळी सर्वांच्या रोजच्या जेवणासारखीच दिसत असल्यामुळे तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. शेंगदाण्यावर मात्र संपूर्ण बंदी होती. कूट घातल्याशिवाय ज्या घरात एक भाजी होत नाही, त्या घरात हे जमवायला मला महिनाभर लागला.

शाळेचा अभ्यासक्रम इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा होता. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेली ही संस्था आधी केवळ शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठीची परीक्षा घेत असे. प्राथमिक वयाचा कार्यक्रम तिने १९९७ साली सुरू केला. त्यात विषयवार क्रमिक पुस्तके नसतात. आपण कोण आहोत, स्थळकाळात आपण कुठे आहोत, आपण स्वतःला कसे व्यक्त करतो, जग कसे चालते, आपण आपली व्यवस्था कशी लावतो आणि पृथ्वी सर्वांनी वाटून कशी घ्यावी, अशा सहा सूत्रांभोवती वर्ष आखलेले असते. एकेका सूत्रासाठी साधारण सहा आठवडे. सुरुवातीला शिक्षिका एक मध्यवर्ती विधान फळ्यावर लावतात, मुले त्यावर प्रश्न लिहून भिंतीवर चिकटवतात, आणि भाषा, भूगोल, इतिहास, कला यांचे बरेचसे शिक्षण त्या प्रश्नांच्या पाठीमागून चालत जाते.

गणिताबाबत मात्र माझे समाधान झाले नाही, हे येथेच सांगून टाकते. संकल्पना समजावण्यावर भर असल्याने सराव कमी पडत होता, आणि प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी "अपेक्षेनुसार प्रगती करीत आहे" अशा अर्थाची लांबलचक वाक्ये येत, ज्यांतून पाढे येतात की नाही एवढे कळत नसे. पुण्याहून आणलेले गणिताचे पुस्तक आम्ही वर्षभर रविवारी सकाळी उघडत होतो. ते शाळेला सांगितले नाही. पण पुढे कळले की वर्गातील कोरियन आणि तुर्की घरांतूनही रविवारी हेच चालत असे.

वर्षाचे पहिले सूत्र स्थळकाळाचे होते आणि विषय होता स्थलांतर. वेळही जुळून आली होती. १८ सप्टेंबर १९४४ या दिवशी आइंडहोवन जर्मन फौजांच्या ताब्यातून मुक्त झाले, आणि दर वर्षी त्या तारखेपासून शहरातील रस्ते दिव्यांच्या आकृत्यांनी सजवतात. ते दिवे पाहून आल्यावर मुलांना काम मिळाले: आपल्या घरातील तीन पिढ्यांना विचारा की कोण कुठून कुठे गेले आणि का गेले. वर्गात दोन रकाने आखले होते. कशाच्या तरी ओढीने गेलेले एका बाजूला आणि परिस्थितीने ढकललेले दुसऱ्या बाजूला.

मुलीने पनवेलला आजीला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या सासूबाईंचे माहेर कोयनेकाठचे, एवढे मला लग्नापासून ठाऊक होते आणि त्यापुढे मी कधी विचारले नव्हते. मुलीने शिकवल्याप्रमाणे पहिला प्रश्न केला, "आजी, तू गाव का बदललंस?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, गाव बदललं नाही. गाव बुडालं."

त्यानंतर सव्वा तास त्या बोलत होत्या. कोयना धरणाची भिंत वर येत होती, त्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. आज ज्याला शिवसागर जलाशय म्हणतात, त्याच्या पाण्याखाली खोऱ्यातील अनेक गावे गेली आणि तेथील माणसे वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली. यांचे कुटुंब घाट उतरून तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आले. ट्रकमध्ये काय चढवायचे यावरून घरात झालेले भांडण त्यांना जसेच्या तसे आठवत होते. देवाचे टाक आईने पदरात बांधले, जाते वडिलांनी जड म्हणून मागे ठेवले आणि आजी, म्हणजे त्यांची आजी, त्या जात्यापाशी जाऊन बसली. शेवटी जाते ट्रकमध्ये चढले आणि धान्याचे एक पोते मागे राहिले. नव्या जागी पावसाळ्यात मीठ ओले होते, भाताचा वास वेगळा होता आणि शाळेतली मुले यांच्या बोलण्याला हसत असत. मी स्वयंपाकघरात कणीक मळत हे ऐकत होते. सोळा वर्षे ज्या बाईंना मी आई म्हणत आले, त्यांना वयाच्या सातव्या वर्षी भाषेवरून कोणी हसले होते, हे मला एका डच शहरात, दहा वर्षांच्या मुलीच्या गृहपाठामुळे समजले.

दुसऱ्या दिवशी मुलीने आजीचे नाव ढकललेल्यांच्या रकान्यात लिहिले आणि बाबांचे ओढीने गेलेल्यांच्या. मग ती स्वतःपाशी अडली. तिला कसली ओढ नव्हती आणि तिला कोणी ढकललेही नव्हते. बराच विचार करून तिने कागदाच्या कडेला तिसरा रकाना आखला आणि त्याला नाव दिले: आणलेले. त्यात आपले नाव लिहिले. नंतर आजीचे नाव खोडून तेही त्याच रकान्यात घातले, कारण सात वर्षांच्या आजीला तरी कोणी काय विचारले होते? शिक्षिकांनी तो रकाना मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावला. आठवडाअखेरीस वर्गातील सगळ्या बावीस मुलांची नावे त्यात होती.

याच सुमारास डच भाषा शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाला आपल्या आजोबांची हकिकत सांगितली. उत्तरेकडे झाउडरझे नावाचा समुद्राचा मोठा फाटा होता. १९३२ साली आफस्लाउटडाइक हा बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून तो समुद्रापासून तोडला गेला आणि मग आतील भाग टप्प्याटप्प्याने उपसून जमीन काढण्यात आली. त्यांतील नोर्डओस्टपोल्डर हा टप्पा १९४२ साली कोरडा झाला. तेथे शेती करायला कोणालाही जाता येत नसे. अर्जदारांची कसून निवड होई, अधिकारी घरी येऊन शेतीचे ज्ञानच नव्हे तर घर कसे ठेवले आहे हेही पाहून जात. बाईंचे आजोबा निवडले गेले, त्यांचा भाऊ नाकारला गेला, आणि दोन्ही घरांत त्यानंतर बरीच वर्षे बोलणे नव्हते. मुलीने घरी येऊन हे सांगितले आणि नकाशावर दोन निळे डाग रंगवले. एक साताऱ्यात आणि एक येथे. साताऱ्यातील डाग तिने गडद केला आणि येथील डागावर खोडरबर फिरवले.

दिवाळीचे सांगण्यासारखे फारसे नाही. येथे शाळेच्या दिवसांत मुलाला सहलीसाठी वा मायदेशी नेण्यासाठी घरी ठेवता येत नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा कडक आहे आणि दंड होऊ शकतो. धार्मिक सणासाठी मात्र मुख्याध्यापकांना किमान दोन दिवस आधी कळवून सुट्टी घेता येते. आम्ही एक दिवस घेतला, काळोख्या पहाटे चार अंश तापमानात अभ्यंगस्नान केले आणि दुसऱ्या दिवशी वर्गासाठी बिनशेंगदाण्याचा चिवडा पाठवला. डिसेंबरमध्ये सिंटरक्लास, म्हणजे मुलांना भेटी देणारा डच परंपरेतला संत, आला, बुटांत गाजरे ठेवून झाली, मुले भेटी घेऊन घरी आली.

जानेवारीत मुलीची सर्वांत जवळची मैत्रीण ब्राझीलला परत गेली. तिच्या वडिलांचे काम मुदतीआधी संपले होते. बातमी सोमवारी कळली आणि पुढच्या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस होता. पालकांच्या कॉफीच्या सकाळी नवे कोणी भेटले की पहिला प्रश्न नावाचा नसतो, "किती वर्षांसाठी?" असा असतो, हे मी एव्हाना शिकले होते. काही आया तर, ज्यांचे उत्तर दोन वर्षांहून कमी येई त्यांच्याशी फार जवळीक करीत नसत. याचा मला आधी राग आला आणि मार्चपर्यंत मीही मनातल्या मनात तोच हिशेब करू लागले होते. मुलांना तशी पळवाट नव्हती, त्यांना रोज त्याच बाकावर बसायचे होते. मुलगी पंधरा दिवस घरात कोणाशी धड बोलली नाही. शाळेने तिला समजावण्याचा फार प्रयत्न केला नाही, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. शिक्षिकांनी फक्त मैत्रिणीची रिकामी खुर्ची आठवडाभर तशीच राहू दिली.

फेब्रुवारीत मातृभाषेचा आठवडा होता. २१ फेब्रुवारी हा दिवस ढाक्यात १९५२ साली भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ युनेस्कोने मातृभाषा दिन म्हणून ठरवला आहे, आणि त्याच्या सहा दिवसांनी आपला मराठी भाषा गौरव दिन येतो. पालकांनी वर्गात येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगायची होती, भाषांतर न करता. मी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. वाघ आणि कोल्हा यांची सोंगे मला काही नीट जमली नाहीत. पण "टुणुक टुणुक" हा शब्द एकवीस मुलांनी असा उचलला की पुढे पंधरा दिवस मधल्या सुट्टीत मैदानावर तोच ऐकू येत होता. नव्याने आलेल्या युक्रेनच्या एका मुलाने, जो तोवर वर्गात एक अक्षर बोललेला नव्हता, पहिला शब्द उच्चारला तो हा. त्याला तो इंग्रजी शब्द वाटला होता.

आंतरराष्ट्रीय दिनाला प्रत्येक देशाचे एक टेबल असते. आमच्या एका टेबलावर तमिळ, तेलुगू, पंजाबी आणि मराठी अशी नऊ कुटुंबे होती आणि त्यावर काय ठेवावे यासाठी व्हॉट्सॲपवर तीन आठवडे जे चालले, त्याचे वर्णन मी करणार नाही. माझ्या कोथिंबीरवड्या वीस मिनिटांत संपल्या, एवढीच नोंद करते.

शेवटच्या वर्गाचे मुख्य काम म्हणजे वर्षअखेरीचे प्रदर्शन. मुले लहान गटांत स्वतःचा विषय निवडतात, एक मोठा माणूस मार्गदर्शक म्हणून मिळतो, दोनेक महिने चौकशी, मुलाखती, लेखन चालते, आणि शेवटी केवळ माहिती न मांडता त्यातून काही कृती करून दाखवायची असते. आसपासच्या गटांनी प्लास्टिक, मधमाश्या असे विषय घेतले होते. आमच्या मुलीने, एका कोरियन मुलाने, एका तुर्की मुलीने आणि एका पोलिश मुलाने विषय घेतला: वर्षाच्या मध्येच निघून जाणारी मुले. मार्गदर्शक म्हणून त्यांनी ग्रंथपालबाईंना मागून घेतले, कारण जाणारे प्रत्येक मूल पुस्तके परत करायला त्यांच्याकडेच येते.

त्यांनी आधी आपल्याच वर्गाची मोजणी केली. ऑगस्टपासून चार मुले गेली होती आणि पाच आली होती. गेलेल्यांशी त्यांनी पडद्यावरून बोलणी केली. ब्राझीलच्या मैत्रिणीने सांगितले की, तेथील शाळेत सर्वांना वाटते ती युरोपात राहून आली म्हणून भाव खाते, त्यामुळे ती येथले काहीच बोलत नाही. हे ऐकून मुलीचा चेहरा पडला. मला सासूबाईंच्या शाळेतील हसणारी मुले आठवली. गटाची कृती साधी होती: नव्याने येणाऱ्या मुलासाठी पहिल्या आठवड्याची वही. शौचालय कुठे आहे, मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात ऊन येते, शिक्षकांना नावाने हाक मारली तर चालते पण जमत नसेल तर हात वर करावा, सायकलचा दिवा बंद असेल तर काय होते, आणि रडू आले तर ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत कोणी विचारत नाही. ती वही त्यांनी नऊ भाषांत तयार केली. मराठी प्रत मुलीने लिहिली. तपासायला घेतली तेव्हा माझ्या लक्षात आले की वर्षभर मराठी बोलूनही तिच्या हातून जोडाक्षरे सुटू लागली आहेत; "ग्रंथालय" तिने तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले होते. मी दोन ठिकाणी दुरुस्त केले आणि तिसरे का राहू दिले, ते मला सांगता येणार नाही.

सासूबाई मे महिन्यात आल्या. प्रदर्शनाच्या दिवशी त्या नऊवारीवर माझा लोकरी कोट घालून गटाच्या टेबलापाशी खुर्ची टाकून बसल्या, आणि जो येईल त्याला आणलेल्यांचा रकाना बोटाने दाखवत होत्या. जूनमध्ये मुले चार संध्याकाळी मिळून पाच-पाच किलोमीटर चालतात, त्यांतली एक संध्याकाळ त्याही चालल्या.

जुलैत शाळा संपली. मुलगी आता माध्यमिक विभागात जाणार होती आणि पतींच्या नोकरीची मुदत दोन वर्षांनी वाढली होती. तिच्या गटातील तुर्की मुलगी अंकाराला परतत होती. सासूबाई जाण्याआधी एका शनिवारी आम्ही गाडीने उत्तरेकडे, नोर्डओस्टपोल्डरमध्ये स्खोकलांडला गेलो. डच शिकवणाऱ्या बाईंनीच ते सुचवले होते. स्खोकलांड हे पूर्वी झाउडरझेमधील बेट होते. समुद्र ते खात चालला होता, म्हणून १८५९ साली सरकारी हुकमाने तेथील सगळी माणसे हलवण्यात आली. पुढे ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांनी भोवतालचे पाणीच उपसले गेले आणि बेट शेतांच्या मधोमध उघडे पडले. १९९५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथे एक लहान चर्च आहे, गावाभोवती लाटा अडवणाऱ्या लाकडी खांबांची भिंत आहे, आणि उत्तर टोकाला जुने बंदर आहे, ज्याच्यासमोर बटाट्याची शेते पसरलेली आहेत.

मुलीने आजीला सगळे समजावून सांगितले. माणसे कधी नेली, कुठे नेली, पाणी कधी गेले. सासूबाईंनी बंदराच्या लाकडावर हात ठेवून पाहिला, समोरच्या शेतातून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहिले आणि विचारले, "मग ती माणसं परत आली का गं?"

"नाही आजी. तोपर्यंत ती सगळी वारली होती."

"आणि त्यांची नातवंडं?"

हे मुलीला ठाऊक नव्हते. तिने दप्तरातून वही काढली आणि प्रश्न लिहून घेतला.